आत गेलेल्या माणसाचा हिशोब

आपल्या अभ्यासवर्गात परवा एक सवाल निघाला आणि रात्री उशिरापर्यंत चालला, तरी मिटला नाही. आपला एक दोस्त बँकेत लागलाय. तो म्हणाला, "आमच्या युनियनमधे आता आपली पोरं आहेत. कमिटीवर पण आहेत. मग आपली वेगळी कर्मचारी संघटना कशाला पाहिजे? आपणच वेगळी चूल मांडायची, आणि वर आम्हाला वेगळं वागवता म्हणून ओरडायचं, हे कसं काय?" दुसरा एकदम तडकला. म्हणाला, "आत घेतलं म्हणजे आपलं मानलं असं कुणी सांगितलं तुला?" मग आवाज चढले. चहा थंड झाला. मला त्या रात्री काहीच बोलता आलं नाही, कारण दोघंही खरं बोलत होते.

घरी येऊन विचार करता करता मला आठवल्या त्या अमेरिकेतल्या काळ्या नर्सेस. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून आपलं नाव घेतलं. पँथरची बंदूक आणि टोपी आपल्याला माहीत आहे. त्यांनी गोरगरिबांसाठी फुकट दवाखाने चालवले, हे कमी लोकांना माहीत आहे. आणि त्यांच्या कितीतरी आधी, हातात बंदूक नसताना, पांढरा गणवेश अंगावर चढवण्यासाठी ज्या बाया पन्नास वर्षं झगडल्या त्यांचं तर नावही आपल्या कानावर नाही. ह्या बायांनी १९०८ साली आपली स्वतंत्र संघटना बांधली. १९५१ साली ती स्वतःच्या हातानं मोडली. आणि पुरती वीस वर्षं झाली तेव्हा, १९७१ साली, त्यांच्या पुढच्या पिढीनं पुन्हा नवी बांधली. आपला तो रात्रीचा सवाल त्यांनी जगून बघितलाय. म्हणून त्यांची गोष्ट मुळापासून सांगतो.

मेरी एलायझा महोनी ही बोस्टनची बाई. बाया आणि मुलांसाठी असलेल्या तिथल्या एका हॉस्पिटलात ती सुमारे पंधरा वर्षं राबली. स्वैपाक केला, कपडे धुतले, फरशा घासल्या. १८७८ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तिला त्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत घेतलं. सोळा महिन्यांचा कोर्स. दिवसरात्र वॉर्डात ड्यूटी. तिच्याबरोबर चाळीसएक मुली शिरल्या, शेवटपर्यंत टिकल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात ही एक. १८७९ साली ती पास झाली. रीतसर शिक्षण घेऊन झालेली अमेरिकेतली पहिली काळी नर्स म्हणून तिचं नाव आज घेतात.

आता इथं थांबून जरा विचार करा. पंधरा वर्षं ती त्याच इमारतीत होती. त्याच रोग्यांच्या चादरी धूत होती, त्यांच्यासाठी अन्न शिजवत होती. तेव्हा तिच्या हाताला कुणी नाक मुरडलं नाही. गुलामीच्या काळात तर दक्षिणेत गोऱ्यांची पोरं काळ्या बायांच्या अंगावर दूध पिऊन वाढली. गोऱ्यांच्या घरात आजारी माणसाचं शी-शू काळ्या बाईनंच काढलं. तेव्हा बाट लागला नाही. मग त्याच बाईनं शिकून, सर्टिफिकेट घेऊन, हातात तापाचा कागद धरून खाटेशी उभं राहायचं म्हटलं, तेव्हा सगळ्या दक्षिणेत आणि उत्तरेतल्याही कित्येक शाळांत दार का बंद झालं?

म्हणजे बंदी स्पर्शाला नव्हती, दर्जाला होती. मोलकरीण म्हणून ती कुठंही हात लावू शकत होती. जाणकार म्हणून तिनं सूचना द्यायची आणि गोऱ्या माणसानं ती ऐकायची, हे चालणार नव्हतं. आपल्याला हे नवं आहे का? आपल्या गावात सवर्णाच्या घरी बाळंतपण अडलं की मांगवाड्यातली सुईण रात्री-बेरात्री बोलावून आणायचे. मूल जन्माला यायचं ते तिच्या हातात. आणि मूल सुखरूप झालं की तिच्यामागं घर सारवायचे, गोमूत्र शिंपडायचे. तिच्या हाताची गरज होती. त्या हातातलं ज्ञान मात्र कुणी ज्ञान म्हणून मानलं नाही. विटाळ हा घाणीचा असतो असं आपल्याला सांगतात. तो खरं म्हणजे पायरीचा असतो, खालच्यानं पायरी सोडली की लागतो.

दार बंद झाल्यावर काळ्या लोकांनी काय केलं? शिकागोत एमा रेनॉल्ड्स नावाच्या मुलीला शहरातल्या नर्सिंग शाळांनी नाकारलं. तिचा भाऊ डॉक्टर डॅनियल हेल विल्यम्स ह्यांच्याकडे गेला. डॉक्टर स्वतः काळे. त्यांनी आणि त्यांच्या लोकांनी वर्गणी जमवून १८९१ साली प्रॉव्हिडंट हॉस्पिटल काढलं आणि त्याला जोडून नर्सिंगची शाळा काढली. अशाच शाळा टस्कीगीला, वॉशिंग्टनला, न्यूयॉर्कला निघाल्या. एका पोरीला दार बंद केलं तर तिच्या माणसांनी हॉस्पिटल उभं केलं! पण १८९६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 'वेगळं पण समान' असा निकाल देऊन ठेवला होता. त्या निकालातलं वेगळेपण तेवढं अमलात आलं. समानता कागदावर राहिली.

मग आली ती 'लायकी'.

१९०३ पासून एकेक राज्य नर्सेसची सरकारी नोंदणी सुरू करू लागलं. परीक्षा द्या, पास व्हा, नोंदणीकृत नर्स म्हणवून घ्या. कल्पना चांगलीच होती. रोग्याचा जीव अडाणी हातात जाऊ नये म्हणून काहीतरी माप पाहिजेच. पण पाणी कुठं मुरतं बघा. चांगल्या शाळेत काळ्या मुलीला प्रवेश नाही. तिच्या शाळेला पैसा नाही, वॉर्ड अपुरे, शिकवणारे अपुरे. आणि मग म्हणायचं, तुमचं शिक्षण आमच्या मापाला उतरत नाही. काही ठिकाणी तर माप लावायला उभंसुद्धा करत नव्हते. जॉर्जियात लुडी अँड्र्यूज नावाची नर्स ह्या हक्कासाठी दहाएक वर्षं सरकारी मंडळाशी झगडली, तेव्हा कुठं १९२० साली तिची नोंदणी झाली.

नर्सेसची जी देशपातळीवरची मोठी संघटना, अमेरिकन नर्सेस असोसिएशन, तिचं सभासदत्व आधी आपापल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या संघामार्फत मिळायचं. त्यातून काही काळ्या नर्सेस आत होत्या. १९१६ साली नियम बदलला. ह्यापुढं राज्यसंघटनेचं सभासद असाल तरच देशसंघटनेचं सभासद व्हाल. दक्षिणेतल्या राज्यसंघटना तर काळ्या बाईला उंबऱ्यावरही उभं करत नव्हत्या. म्हणजे नियमात 'काळी' हा शब्द कुठंच नाही, आणि काळी बाई बाहेर! असा नियम लिहिणाऱ्यांची अक्कल आपल्याकडच्या शास्त्रीबुवांपेक्षा कमी नव्हती.

न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलात अ‍ॅडा थॉम्स नावाची नर्स होती. १९०६ पासून १९२३ पर्यंत ती तिथं उपप्रमुख होती. प्रमुखाची जागा रिकामी झाली की काम हिनं चालवायचं, 'हंगामी' म्हणून. काम हिचं, जबाबदारी हिची, पण प्रमुखपदाची पाटी हिच्या नावानं कधीच लागली नाही, कारण ती काळी होती. मित्रांनो, 'हंगामी' ह्या शब्दाची ओळख आपल्यातल्या किती जणांना नव्यानं करून द्यायला पाहिजे? आणि जी बाई सतरा वर्षं काम करायला लायक ठरते ती पदाला नालायक कशी ठरते, ह्याचं उत्तर गुणवत्तावाल्यांनी द्यावं.

ह्या सगळ्यावर पहिला घाव घातला तो मार्था फ्रँकलिन ह्या बाईनं. कनेक्टिकटची ही नर्स. फिलाडेल्फियात शिकली तेव्हा वर्गात ही एकटीच काळी. तिनं देशभरातल्या काळ्या नर्सेसना हातानं पत्रं लिहिली. एक नाही, दोन नाही, पंधराशे! आपण पन्नास अंकांवर पत्ते लिहायला बसलो की कंटाळतो. १९०८ च्या ऑगस्टमधे न्यूयॉर्कच्या एका चर्चमधे बावन्न जणी जमल्या, यजमानीण होती अ‍ॅडा थॉम्स. तिथं नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड ग्रॅज्युएट नर्सेस ही संघटना उभी राहिली. शिक्षणाचा दर्जा वाढवायचा, भेदभाव मोडायचा, आपल्यातून पुढारी घडवायचे, ही तीन कामं ठरली.

पहिल्या महायुद्धात ह्या नर्सेस सैन्यात जायला तयार होत्या. त्यांना झुलवत ठेवलं. १९१८ च्या नोव्हेंबरात लढाई संपली, आणि फ्ल्यूच्या साथीनं माणसं पटापट मरायला लागली तेव्हा डिसेंबरात अठरा जणींना बोलावलं. राहायची सोय वेगळी. साथ ओसरली, पुढच्या ऑगस्टपर्यंत सगळ्यांना घरी पाठवलं. रेडक्रॉसनं फ्रान्सिस इलियट डेव्हिस ह्या पहिल्या काळ्या नर्सची नोंद केली, तर तिच्या बिल्ल्यावर नंबर टाकला '१ अ'. ते 'अ' म्हणजे काळी. सेवा घेतली, आणि शिक्का मारून घेतली.

१९३४ पासून संघटनेचं काम दोघींनी पेललं. एक मेबल स्टॉपर्स, बार्बाडोस बेटावर जन्मलेली, लहानपणी न्यूयॉर्कला आलेली. ती सरचिटणीस. दुसरी एस्टेल मॅसी रिडल, पुढं ऑसबर्न ह्या नावानं ओळखली गेलेली. ती अध्यक्ष. १९३१ साली ती एम. ए. झाली, तेवढं शिकलेली पहिली काळी नर्स. आणि ती शिकली ते कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबियात होते तेच हे.

दुसरं महायुद्ध पेटलं. १९४१ साली अमेरिकन सैन्यानं जाहीर केलं की काळ्या नर्सेस घेऊ, छप्पन्न. हजारो नर्सेस लागत असताना छप्पन्न! त्याही फक्त काळ्या सैनिकांच्या वॉर्डात. नौदलानं तर एकही घेतली नाही. रेडक्रॉस तेव्हा रक्तसुद्धा वेगळं ठेवत होतं, काळ्याचं वेगळं, गोऱ्याचं वेगळं, आणि हा प्रकार १९५० पर्यंत चालला. पुढं काही काळ्या नर्सेसना जर्मन युद्धकैद्यांच्या छावण्यांत सेवेला धाडलं. म्हणजे आपल्याच देशाच्या गोऱ्या सैनिकाला हात लावायचा नाही, पण हिटलरच्या पकडलेल्या सैनिकाची मलमपट्टी करायची. शत्रू गोरा असला तरी तो गोराच!

स्टॉपर्सनं पिच्छा सोडला नाही. पत्रं, तारा, शिष्टमंडळं. १९४४ च्या नोव्हेंबरात ती अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट ह्यांना भेटली. १९४५ च्या जानेवारीत खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट म्हणाले की नर्सेस पुरत नाहीत, सक्तीची भरती करावी लागेल. स्टॉपर्सनं तिथंच पकडलं. सैन्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला भर सभेत विचारलं की एवढी नड आहे तर आमच्या नर्सेस का घेत नाही? देशभरातून तारांचा पाऊस पडला. त्याच महिन्यात सैन्यानं आणि मागोमाग नौदलानं वर्णाची अट काढली. मार्चमधे फिलिस डेली ही नौदलातली पहिली काळी नर्स झाली. १९४८ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशननं राज्यसंघटनेला वळसा घालून थेट सभासदत्व द्यायला सुरुवात केली, आणि ऑसबर्न तिच्या कार्यकारिणीवर निवडून आली.

जिंकलं! आणि जिंकल्यावर ह्या बायांनी आपली संघटना बंद करायचं ठरवलं. १९४९ साली ठराव झाला, १९५१ साली संघटना विसर्जित. त्याच वर्षी स्टॉपर्सला काळ्या लोकांतला मोठ्या मानाचा स्पिंगार्न पुरस्कार मिळाला. त्यांची बाजू साधी होती. आपण पन्नास वर्षं वेगळं ठेवण्याविरुद्ध लढलो. आता आत घेतलंय तर आपण वेगळं राहायचं कोणत्या तोंडानं? आपला बँकेतला दोस्त हेच तर म्हणत होता. आणि ही बाजू भित्र्याची नाही. स्वतः बांधलेली गोष्ट स्वतः मोडायला काळीज लागतं.

पण दक्षिणेतल्या काही राज्यसंघटनांची दारं तेव्हाही बंदच होती. म्हणून तर थेट सभासदत्वाची वाट काढावी लागली. आणि ज्यांना आत घेतलं त्यांचं काय झालं? पुढच्या वीस वर्षांत काळ्या नर्सेस मोठ्या संघटनेत राहिल्या, पण पुढारीपणाच्या जागांवर आपली माणसं दिसत नाहीत, आपले प्रश्न विषयपत्रिकेवर येत नाहीत, ही त्यांची तक्रार वाढत गेली. १९७१ साली त्यांनी नॅशनल ब्लॅक नर्सेस असोसिएशन काढली. गंमत बघा, त्यानंतर सात वर्षांनी, १९७८ साली, बार्बरा निकोल्स ही मोठ्या संघटनेची पहिली काळी अध्यक्ष झाली. म्हणजे वेगळी चूल मांडल्यानं मोठ्या घरातली जागा गेली नाही. आणि त्या मोठ्या संघटनेनं आपल्या जुन्या वागणुकीची जाहीर कबुली देऊन माफी मागितली ती कधी? २०२२ साली. १९१६ च्या नियमाला तेव्हा एकशे सहा वर्षं झाली होती.

इथं आपला दुसरा दोस्त टाळी मागेल. 'बघा, मी म्हणत होतो!' थांब बाबा. गोष्ट इथं संपत नाही. खरा सवाल तर आता सुरू होतो.

अलाबामा राज्यात मेकन काउंटीत टस्कीगी हे गाव. तिथल्या काळ्यांच्या संस्थेत युनिस रिव्हर्स नावाची मुलगी शिकली आणि १९२२ साली नर्स झाली. शेतमजुराच्या वस्तीत जाणारी, लोकांत मिसळणारी, कामाला वाघ. १९३२ साली अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्यानं तिथं एक पाहणी सुरू केली. गरमीचा रोग, म्हणजे सिफिलिस, औषध न देता माणसाच्या अंगात कसकसा वाढत जातो ते बघायचं. त्यासाठी सुमारे सहाशे काळे पुरुष निवडले, त्यातल्या ३९९ जणांना रोग होता. बहुतेक गरीब कुळं. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही. 'तुमचं रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. पाठीच्या कण्यात सुई खुपसून पाणी काढलं, ते 'खास उपचार' म्हणून. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा त्या रोगावरचा सर्वमान्य इलाज झाला. ह्यांना तो दिला नाही. वर्षं गेली. माणसं आंधळी झाली, वेडी झाली, मेली. बायकांना रोग लागला, पोरांना लागला. हे चाळीस वर्षं चाललं. १९७२ साली वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा बंद झालं.

डॉक्टर येत होते आणि बदलून जात होते. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या विश्वासावर हे टिकलं ती युनिस रिव्हर्स. ती घरोघर जायची, आपल्या गाडीत माणसांना तपासणीला न्यायची, नावानिशी सगळ्यांना ओळखायची. कुणी मेलं तर घरच्यांना शवचिकित्सेला राजी करायची, बदल्यात दफनाचा खर्च मिळायचा. गोऱ्या डॉक्टरवर त्या लोकांचा भरवसा नव्हता. भरवसा होता तो आपल्या ह्या पोरीवर. १९५८ साली सरकारच्या त्याच खात्यानं तिला उत्तम सेवेबद्दल पुरस्कार दिला.

तिला शिव्या देणं सोपं आहे. मी देणार नाही. पाहणी तिनं आखली नव्हती. नियम डॉक्टरांनी केले, त्यात गोरे होते आणि टस्कीगीतले काळेही होते. नर्सनं डॉक्टरचा हुकूम मानायचा, हेच तिला शाळेत शिकवलं होतं, आणि त्यालाच व्यवसायाची शिस्त म्हणत होते. शिवाय तिची स्वतःची एक बाजू होती. ह्या लोकांना एरवी डॉक्टर कधी दिसला असता? निदान तपासणी होते, दुखण्यावर गोळी मिळते, कुणीतरी चौकशी करतं. शेजारच्या गरिबाला तर तेवढंही नाही. ही बाजू खोटी नाही, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. आपल्या माणसाला थोडं काहीतरी मिळतंय ना, ह्या समाधानाखाली त्याच माणसाचा जीव जातोय हे दिसेनासं होतं.

मग सवाल असा, की काळ्या नर्सेसची संघटना तेव्हा कुठं होती? १९३२ पासून १९५१ पर्यंत ती जिवंत होती. तिनं हे थांबवलं नाही, कारण ती हे बघतच नव्हती. तिची सगळी ताकद दाराशी लागली होती. नर्सला प्रवेश, नर्सला नोंदणी, नर्सला हुद्दा. हे सगळं न्याय्य होतं. पण खाटेवरच्या माणसाचा सवाल त्या यादीत पहिला नव्हता. त्या माणसासारख्याच खाली राहिलेल्या बायाही यादीत नव्हत्या. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करणाऱ्या काळ्या सुईणी होत्या. १९२१ साली सरकारनं माता-बालकांसाठी कायदा केला, त्यातून सुईणींचे वर्ग निघाले, त्यांच्या पिशव्या तपासायला नर्सेस जाऊ लागल्या, त्यांत काळ्या नर्सेसही होत्या. स्वच्छता शिकवली ते चांगलंच. पण हळूहळू त्या म्हाताऱ्या अडाणी ठरल्या, त्यांचे परवाने गेले. जी मोजपट्टी गोऱ्या बाईनं काळ्या नर्सच्या गळ्याला लावली होती तीच आता खाली सुईणीच्या गळ्याला लागली.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. माझी आत्या एका सरकारी हॉस्पिटलात आया होती. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडं वॉर्डात नर्सला 'सिस्टर' म्हणतात आणि आयाला 'मावशी'. शब्द मायेचा आहे, पण ज्या तोंडानं 'मावशी, भांडं उचला' म्हणतात त्यात माया नसते. अमेरिकेत दक्षिणेतले गोरे अनोळखी काळ्या बाईला 'आंटी' म्हणायचे, आणि शिकलेल्या काळ्या नर्सला 'मिस' म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. नातं लावून मान काढून घ्यायची ही रीत दोन्हीकडं सारखीच. तर आत्याच्या वॉर्डात एकदा आपल्याच समाजाची मुलगी नर्स म्हणून आली. आत्याला कोण आनंद! घरी येऊन म्हणाली, "आपली पोरगी सिस्टर झाली." दोन दिवस डब्यात तिच्यासाठी भाकरी जास्तीची नेली. तिसऱ्या दिवशी त्या मुलीनं चारचौघींत आत्यावर आवाज चढवला, आणि ओळख दाखवली नाही. आत्या रडली नाही. एवढंच म्हणाली, "तिचं पण काय चुकलं? तिला भ्या वाटत आसंल, माझ्याशी बोलली तर समद्यांला कळंल."

मला त्या मुलीचा राग आला होता. आता तेवढा येत नाही. ती एकटी होती. वरच्यांनी तिला आत घेतलं होतं ते ह्या अटीवर की ती खालच्यांची नाही असं तिनं रोज सिद्ध करावं. अशी अट कागदावर नसते. ती कागदावर नसते म्हणूनच तिच्याविरुद्ध अर्ज करता येत नाही. एकट्या माणसाला ती मोडताही येत नाही.

बाबासाहेब १९५६ च्या मार्चमधे आग्र्याला बोलले. शिकलेल्या लोकांनी मला दगा दिला, ही खंत त्यांनी भर सभेत मांडली. आपण ती खंत भाषणात वापरतो, टाळ्या घेतो, आणि ती दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं समजून घरी जातो. युनिस रिव्हर्सनं दगा द्यायचा म्हणून दिला नव्हता. ती इमानदारीनं नोकरी करत होती. दगा इमानदारीनंसुद्धा होऊ शकतो, माणूस वरच्यालाच हिशोब देत राहिला तर. खालून कुणी तिला विचारणारं असतं, 'बाई, ह्या माणसांना औषध का नाही?' असं दर महिन्याच्या बैठकीत विचारणारी माणसं असती, तर? खात्रीनं थांबलं असतं असं मी म्हणत नाही. पण तिला निदान कुणापुढं तरी उत्तर द्यावं लागलं असतं. आणि तिला स्वतःलाच शंका आली असती तर तिच्या पाठीशी कुणी उभं राहिलं असतं.

म्हणून त्या रात्रीच्या दोन्ही दोस्तांना माझं उत्तर असं आहे.

बँकेतल्या दोस्ता, स्टॉपर्सबाईसारखंच तुझं मन साफ आहे. पण दार उघडलं म्हणून आपली बैठक मोडू नकोस. मोठ्या युनियनमधे जरूर जा, कमिटीवर जा, अध्यक्ष हो. तू तिथं आहेस तो एकटा असू नयेस, एवढ्यासाठी बैठक पाहिजे. वीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून पंधराशे पत्रं लिहायची पाळी येऊ नये.

आणि तडकणाऱ्या दोस्ता, वेगळी संघटना आहे एवढ्यावर खूष होऊ नकोस. आपली संघटना नुसती रोस्टर, बढती आणि बदली एवढंच बोलत असेल, तर ती दाराशीच बसलेली आहे. दाराशी बसणं गरजेचं आहे, ते सोडायचं नाही. पण त्याच बैठकीत बँकेच्या काउंटरपलीकडून कर्जाचा कागद घेऊन परत गेलेला आपला माणूस बसला पाहिजे. हॉस्पिटलच्या संघटनेत सिस्टरच्या शेजारी मावशी बसली पाहिजे, झाडूवाला बसला पाहिजे, आणि जमलं तर खाटेवरून उठून बरा झालेला रोगी बसला पाहिजे. त्यांनी आपल्याला विचारलं पाहिजे की तुम्ही आत जाऊन आमच्यासाठी काय केलं, आणि आमच्यावर काय होऊ दिलं. दुसरा सवाल पहिल्यापेक्षा अवघड आहे. तो विचारायची मुभा जिथं आहे तीच आपली संघटना.

पुढच्या अभ्यासवर्गाला मी आत्याला घेऊन येणार आहे. ती बोलेल की नाही माहीत नाही. पण ती समोर बसलेली असताना हाच सवाल पुन्हा चर्चेला घेऊ. बघू, आपले आवाज तेवढेच चढतात का.

जयभीम.